वृद्ध मातापित्यांच्या कण्याची शस्त्रक्रिया आणि घरची शुश्रूषा



मणक्यांच्या शस्त्रक्रियेविषयीं एखाद्या निष्णात शल्यविशारदानें बोलावें हें अधिक योग्य, यांत शंका नाहीं. परंतु शस्त्रक्रिया कांहीं तासांत आटोपते, आणि तिच्या आधींचे व नंतरचे कित्येक आठवडे घरच्या माणसांच्या हातांत असतात. त्या आठवड्यांसंबंधीं सविस्तर बोलावयास शल्यविशारदापाशीं सवड नसते. उलट ज्याच्या घरांत हें सारें घडून गेलें आहे अशा माणसापाशीं सांगण्यासारखें पुष्कळ असतें. म्हणून मजसारखा एक निवृत्त शाळामास्तर आज हा विषय घेऊन आपणांपुढें आला आहे.

मी बजाजनगरांत राहतों. तेथें हा विषय घरोघरीं निघतो, आणि त्याचें कारण या वसाहतीच्या जन्मांतच आहे. १९८५ सालीं वाळूजच्या औद्योगिक क्षेत्रांत बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून तरुण माणसें येथें कामाला येऊं लागलीं. त्या वेळीं विशी-पंचविशींत असलेलीं तीं माणसें आज साठीच्या आसपास आहेत, आणि शेतीवाडी सोडून त्यांच्याकडे राहावयास आलेले त्यांचे आईबाप ऐंशीच्या पुढें गेले आहेत. जन्मभर खुरपें चालविलेल्या, डोक्यावरून पाणी वाहिलेल्या त्या पाठी आतां कुरकुरूं लागल्या आहेत. ‘आईचें वय इतकें झालें, आतां मणक्याचें ऑपरेशन करावें कीं नाहीं? आणि केलें तर पुढें तिला सांभाळावयाचें कसें?’ हे दोन प्रश्न मला वारंवार विचारण्यांत येतात. त्यांचा विचार क्रमानें करूं.

प्रथम कण्याची रचना थोडक्यांत पाहिली पाहिजे. पाठीचा कणा म्हणजे ३३ मणक्यांची माळ होय. मानेंत ७, छातीच्या मागें १२, कंबरेंत ५, त्याखालीं एकमेकांस जुळून गेलेले ५ आणि अगदीं टोंकाशीं ४ लहान, असा त्यांचा हिशेब आहे. मोकळ्या मणक्यांच्या मध्यें कूर्चेची चकती असते. ती गादीप्रमाणें धक्के सोसते. प्रत्येक मणक्याच्या मागल्या बाजूस हाडाची एक कमान असते. या कमानी एकाखालीं एक आल्यानें जी नळी तयार होते तिच्यांतून मज्जारज्जु खालीं उतरतो. हा रज्जु कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशींच संपतो. त्याच्या खालीं मज्जातंतूंचा झुबका लोंबत असतो. तो घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो म्हणून पाश्चात्य वैद्यांनीं त्याला तेंच नांव दिलें आहे. पायांची शक्ति, तेथील स्पर्शज्ञान आणि मलमूत्रावरील ताबा हीं सारीं या झुबक्यावर अवलंबून असतात.

वय होऊं लागलें म्हणजे चकत्या सुकतात व खचतात, मणक्यांचे सांधे वाढतात, आणि नळीच्या आंतले बंध जाड होतात. परिणामीं नळी अरुंद होते व तंतूंना चेप बसूं लागतो. युट्रेख्ट येथील डच शल्यविशारद हेंक व्हर्बीस्ट यांनीं १९५४ सालीं या विकाराचें जें वर्णन प्रसिद्ध केलें, त्यामुळें जगभरच्या वैद्यांचें लक्ष इकडे विशेषेंकरून वेधलें. त्याचें लक्षण मोठें चमत्कारिक आहे. मनुष्य बसला असतां त्याला कांहीं होत नाहीं. पण शंभर-दोनशें पावलें चालला कीं दोन्ही पाय जड होतात, मुंग्या येतात, पोटऱ्या भरून येतात, आणि खालीं बसावें किंवा पुढें वांकावें तर पुन्हां आराम पडतो. भाजीची हातगाडी ढकलीत दिवसभर हिंडणारा म्हातारा तागडी धरून सरळ उभा राहिला कीं कळवळतो, याचें मर्म यांतच आहे. पुढें वांकल्यानें नळी किंचित् मोकळी होते. ताठ उभें राहिल्यानें ती आवळते. म्हणून आपल्या घरांतील वृद्ध माणूस बाजारांतून येतांना प्रत्येक ओट्यावर टेकूं लागला तर ‘वय झालें’ एवढ्यावर समाधान मानूं नये. त्यास वैद्याकडे न्यावें.

आतां निर्णयाचा प्रश्न. येथें दोन अगदीं भिन्न प्रकार आहेत. पहिला तांतडीचा. लघवी अडली किंवा नकळत होऊं लागली, जांघांमधला बैठकीचा भाग बधिर झाला, अथवा पाऊल एकाएकीं लुळें पडून पायांतली चप्पल गळूं लागली, तर ती वेळ विचारविनिमयाची नव्हे. त्याच दिवशीं, रात्र असली तर त्याच रात्रीं, रुग्णालय गांठलें पाहिजे. कारण दबलेल्या तंतूंचें नुकसान कायमचें होण्याचा धोका असतो. दुसरा प्रकार सावकाशीचा. त्यांत औषधें व व्यायाम यांचा उपयोग करून पाहण्यास अवधि असतो, आणि कित्येकांचें दुखणें वर्षानुवर्षें आहे तेथेंच राहतें. शस्त्रक्रियेंत मणक्याच्या मागल्या कमानीचा कांहीं भाग व जाड झालेला बंध काढून तंतूंना वाट मोकळी करून देतात. हिचा गुण पायांच्या वेदनेवर जितका येतो तितका नुसत्या कंबरदुखीवर येत नाहीं, हें आधींच समजून घेतलें म्हणजे पुढें निराशा होत नाहीं.

कधीं कधीं मणके सरकलेले किंवा डळमळीत असतात, तेव्हां ते स्क्रू व सळ्या यांनीं एकमेकांस जखडावे लागतात. ही शस्त्रक्रिया मोठी, खर्चाची आणि बरें होण्यास अधिक वेळ घेणारी. स्वीडनमध्यें झालेल्या व २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत अरुंद झालेल्या नळीच्या रोग्यांचे दोन गट केले होते: एकाची नळी नुसती मोकळी केली, दुसऱ्याची मोकळी करून मणकेहि जखडले. दोन वर्षांनंतर पाहतां जखडलेल्या गटाची प्रकृति दुसऱ्याहून सरस आढळली नाहीं. यावरून जखडणें केव्हांच नको असें ठरत नाहीं. पण ‘आमच्या रोग्याला तें कां हवें?’ हा प्रश्न विचारण्याचा अधिकार घरच्यांना निश्चित प्राप्त होतो. शल्यविशारदास चार गोष्टी विनयानें पण स्पष्ट विचाराव्या: नेमकें काय करणार, त्यानें कोणतें दुखणें जाईल व कोणतें राहील, न केल्यास काय होईल, आणि या वयांत या देहाला धोका किती. उत्तरें कागदावर लिहून घ्यावीं. कारण घाबरलेल्या माणसाच्या स्मरणावर विसंबून चालत नाहीं.

आणि एक पांचवा प्रश्न आहे. तो वैद्याला नव्हे, आईला किंवा वडिलांना विचारावयाचा असतो: ‘तुम्हांला काय हवें आहे?’ आपल्या घरांत भाऊ, बहिणी, मेव्हणे जमून रात्र रात्र खल करतात, आणि जिच्या पाठीचा हा सारा प्रश्न ती आंतल्या खोलींत छताकडे पाहत पडलेली असते. माझ्या मातोश्रींवर ८२ व्या वर्षीं ही शस्त्रक्रिया झाली. त्या आधीं आम्हां भावंडांत एकमत होईना. तेव्हां ती म्हणाली, ‘मला विठोबापर्यंत माझ्या पायांनीं जायचं आहे. तेवढं होईल का, इतकंच डॉक्टरांना विचार.’ वाळूजजवळच्या पंढरपुरांत विठ्ठलाचें मंदिर आहे. आषाढी एकादशीला तेथें मोठी यात्रा भरते. शल्यविशारदांनीं हंसून सांगितलें कीं, हा प्रश्न ‘दुखणें जाईल का’ याहून पुष्कळ चांगला आहे, कारण त्याचें उत्तर मोजतां येतें. त्यानंतर आमच्या घरांतील वाद आपोआप मिटला.

शस्त्रक्रियेपूर्वींची तयारी हें शुश्रूषेचें पहिलें अंग होय. मधुमेह व रक्तदाब ताब्यांत हवेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास त्या केव्हां थांबवावयाच्या हें वैद्यानेंच ठरवावें. स्वतःच्या बुद्धीनें त्या बंद करूं नयेत, अथवा चालू असल्याचें लपवूं नये. आपल्याकडे पुष्कळ वृद्ध स्त्रिया मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तंबाखूनें जखम भरण्यास आणि जखडलेलीं हाडें जुळण्यास अडथळा येतो, म्हणून ती कित्येक आठवडे आधीं सोडविली पाहिजे. हें काम दटावून होत नाहीं. ज्या वेळीं मिश्रीची आठवण येते त्या वेळीं जवळ बसून गप्पा माराव्या लागतात.

पैशाचीहि व्यवस्था आधींच पाहावी. महाराष्ट्रांत महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. शिवाय २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षें व त्यावरील नागरिकांना, मग उत्पन्न कितीहि असो, आयुष्मान भारत योजनेंत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली आहे. मात्र कोणती शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयांत या योजनांत बसते याची चौकशी दाखल होण्यापूर्वीं करावी, आणि कार्ड आधीं काढून ठेवावें. खासगी रुग्णालयें शहरांत पुष्कळ आहेत; पण १९५६ सालीं स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय, ज्याला सारा मराठवाडा ‘घाटी’ म्हणून ओळखतो, तेंहि विसरूं नये.

घरांत थोडेसे फेरफार करावे लागतात. खाट इतकी उंच हवी कीं बसल्यावर पावलें जमिनीला टेकावीं आणि गुडघे कंबरेच्या वर येऊं नयेत. शौचास उकिडवें बसणें कांहीं काळ बंद. म्हणून कमोड किंवा त्यावर ठेवावयाची उंच बैठक आणावी. न्हाणीघरांत भिंतीला दांडी बसवावी, पायपुसणीं व सतरंज्या गुंडाळून ठेवाव्या, खाटेपासून मोरीपर्यंत रात्रीं मंद दिवा जळत राहील असें करावें. देवपूजा जमिनीवर बसून करण्याची संवय असेल तर देव टेबलावर मांडावे. आमच्या आईला हें प्रथम रुचलें नाहीं. पण ‘देवाला तूं कशी दिसतेस हें पाहायचं आहे, तूं कुठें बसलीस हें नव्हे’ असें धाकट्या सुनेनें सांगितल्यावर ती राजी झाली.

आतां रुग्णालयांतील दिवस. वृद्ध माणसाला भूल उतरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं भ्रम होणें ही नित्याची गोष्ट आहे, आणि ती ठाऊक नसल्यामुळें घरचीं माणसें भयभीत होतात. आमच्या आईनें दुसऱ्या रात्रीं त्या खोलीला माहेरचा वाडा समजून बैलाला पाणी दाखविण्याची आज्ञा केली. अशा वेळीं वाद घालूं नये. चष्मा व कानांतलें यंत्र ताबडतोब परत द्यावें, खिडकी दिसेल असें करावें, आज वार कोणता तें सांगावें, ओळखीच्या माणसानें हात धरून बसावें, आणि परिचारिकेस कळवावें. कारण याच्या मुळाशीं लघवी तुंबणें, ताप, वेदना किंवा एखादें औषधहि असूं शकतें. बहुधा थोड्या दिवसांत हा भ्रम ओसरतो.

यापुढील गोष्ट आजच्या भाषणाचा गाभा आहे. ‘पाठीचं ऑपरेशन झालं आहे, हलूं नका, महिनाभर पडून राहा’ असें भेटीला येणारा प्रत्येक जण सांगतो, व तें मायेनेंच सांगतो. परंतु अंथरुण हें औषधाप्रमाणें आहे. मात्रा चुकली कीं त्याचेंच विष होतें. रिचर्ड ॲशर नांवाच्या इंग्रज वैद्यानें १९४७ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें अंथरुणाच्या धोक्यांवर एक लेख लिहिला होता. त्यांतील इशारा आजहि तितकाच खरा आहे. पडून राहिल्यानें पायांच्या शिरांत रक्ताच्या गांठी होतात, फुप्फुसांत कफ सांचतो, पाठीला शय्याव्रण पडतात, कोठा जड होतो, हाडें विरळ होतात. आणि म्हाताऱ्या माणसाच्या मांड्यांतील शक्ति तर थोड्याच दिवसांत इतकी उतरते कीं ती परत मिळविण्यास कित्येक आठवडे लागतात. म्हणून वैद्यानें हरकत घेतली नसेल तर रोग्यास त्याच किंवा दुसऱ्या दिवशीं उठवून बसवितात व चार पावलें चालवितात. वेदनाशामक औषधें देण्याचा एक हेतु हाच असतो कीं त्यानें हालचाल करावी. ‘गोळ्या नकोत, सोसेन मी’ असें म्हणणाऱ्या सोशिक आईला ही गोष्ट नीट समजावून सांगितली पाहिजे.

उठण्याची रीत मात्र शिकून घ्यावी. कुशीवर वळतांना खांदे व कंबर एकदम वळवावयाचीं, जसा लांकडाचा ओंडका वळतो तशीं. पाठीला पीळ पडूं द्यावयाचा नाहीं. मग पाय खाटेखालीं सोडावयाचे आणि हाताच्या रेट्यानें उठून बसावयाचें. सहाय करणाऱ्यानें रोग्याचे दंड धरून ओढूं नये. त्यानें जवळ उभें राहावें, स्वतःचे गुडघे वांकवावे, पाठ ताठ ठेवावी. नाहीं तर एका पाठीच्या जोडीला घरांत दुसरी पाठ अंथरुणाला लागते.

घरीं आल्यावर सामान्यतः पहिले सहा आठवडे तीन गोष्टी वर्ज्य: कंबरेंतून वांकणें, जड उचलणें आणि पीळ देणें. मणके जखडले असतील तर हाडें जुळावयास कित्येक महिने लागतात, व तेथें शल्यविशारद सांगेल तोच नियम. पाठीला मालिश करणारे, मणका ‘बसवून’ देणारे अशा मंडळींना उंबऱ्याच्या आंत घेऊं नये. चालणें हाच मुख्य व्यायाम. एकदम पुष्कळ चालण्यापेक्षां दिवसांतून पांच-सहा वेळां थोडें थोडें चालावें. आम्हीं भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर रोज पावलें मांडलीं. पहिल्या आठवड्यांत खाट ते दार, तिसऱ्यांत गल्लीचें टोंक, दुसऱ्या महिन्याअखेर किराणा दुकान. माघांत शस्त्रक्रिया झाली होती. आषाढांत, एकादशीची गर्दी ओसरल्यावर, वाटेंत दोनदां विसांवा घेऊन ती पंढरपूरच्या देवळांत पोहोंचली. डाव्या पायाच्या बोटांची बधिरता अजून गेलेली नाहीं, आणि ती कदाचित् जाणारहि नाहीं. तंतु फार काळ दबून राहिले म्हणजे असें होतें. वेदना आधीं जाते, शक्ति हळूहळू येते, बधिरता सर्वांत शेवटीं हलते, हा क्रम लक्षांत ठेवावा.

अन्नांत डाळी, दूध, अंडीं चालत असतील तर अंडीं, आणि कोठा साफ राहण्यासाठीं पालेभाज्या व भरपूर पाणी असावें. जखमेंतून पू किंवा पाण्यासारखा द्रव येणें, ताप, पायांत नव्यानें आलेला अशक्तपणा, लघवी अडणें, एका पोटरीला सूज व ठणका, छातींत कळ किंवा धाप, यांपैकीं कांहींहि दिसल्यास उद्यांची वाट पाहूं नये.

येथें एका गोष्टीचा विचार केला पाहिजे. सर्वच पाठी बऱ्या होत नाहींत. बाबा आमटे यांचें उदाहरण महाराष्ट्राला परिचित आहे. मणक्यांच्या विकारानें त्यांना उत्तरायुष्यांत बसणें अशक्य झालें होतें. उभें राहणें किंवा आडवें होणें एवढ्या दोनच अवस्था त्यांना उरल्या होत्या. तरीहि १९८५ च्या डिसेंबरांत, वयाचीं ७१ वर्षें पुरीं होत असतां, त्यांनीं कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ यात्रा काढली: तरुण मंडळी सायकलींवर आणि बाबा गाडींतल्या बिछान्यावर. साधनाताई, मुलें आणि आनंदवनांतील माणसें यांनीं त्यांच्या भोंवतालची सारी व्यवस्था त्या पाठीला अनुसरून बदलली. त्यांचें काम मात्र बंद पडूं दिलें नाहीं. २००८ सालीं त्यांचें निधन होईपर्यंत ही स्थिति होती. आपल्या घरांतील आजी कांहीं देशाची यात्रा काढणार नाहीं. पण लसूण सोलणें, नातवंडांचे पाढे ऐकणें, दारावर आलेल्या भाजीवाल्याशीं घासाघीस करणें हीं तिचीं कामें आहेत. आणि उंच खुर्चीवर बसून किंवा पडल्या पडल्याहि तीं तिला करतां येतात. तीं तिच्या हातून काढून घेणें ही मोठी हानि होय.

शेवटीं शुश्रूषा करणाऱ्यांविषयीं. बहुतेक घरांत हा सारा भार एका सुनेवर किंवा लेकीवर पडतो, व इतर जण फोनवरून चौकशी करून कृतार्थ होतात. हें न्याय्य नाहीं, आणि टिकणारेंहि नाहीं. पाळ्या लावाव्या, व त्या कागदावर लिहून भिंतीवर चिकटवाव्या. कारखान्यांत ज्यांनीं आयुष्यभर पाळ्या केल्या त्या आमच्या बजाजनगरच्या पुरुषांना हें अवघड जाऊं नये. रात्रीं आईला उठवून मोरीपर्यंत नेणें, तिचे कपडे बदलणें, भांडें रिकामें करणें या कामांत मुलग्याला कमीपणा वाटण्याचें कारण नाहीं. तिनें तें आपल्यासाठीं केलेंच आहे. फक्त एक भेद ध्यानांत असावा. आपण लहान होतों तेव्हां तिनें आपल्याला कडेवर घेतलें तें कांहीं काळच. चालूं लागल्यावर तिनें बोट धरलें, आणि पुढें तेंहि सोडून दिलें. जें तिला स्वतः करतां येईल तें तिला करूं द्यावें, आणि पडूं लागली तर हात पोहोंचेल इतक्या अंतरावर आपण उभें असावें.